देवाला विचारून सांगतो

आमच्या भागात त्या काळी बायकांचे आजार पुरुष सांगायचे. दुखायचं बाईला, पण दवाखान्यात जाऊन सांगायचा तिचा नवरा, नाहीतर सासरा, आणि तोही नसला तर दीर. बाई घरात पडून असायची आणि तिची पोटदुखी चालत मालवणला जाऊन यायची. येताना बाटलीतून औषध यायचं. आमचे बाबा कचेरीत कारकून, त्यामुळे त्यांनी आईचं दुखणं डॉक्टरांना सांगितलं की त्याचा अर्ज व्हायचा. "कुटुंबाच्या पोटात गेले काही दिवस वेदना होत असून अन्नावर वासना नाही." आई चुलीपुढून म्हणायची, "माका पोटात नाय दुखणा, पाठीत दुखता. ह्यांका सांगान सांगान मी दमलंय." पाठीचं पोट वाटेत कुठे व्हायचं देव जाणे, पण औषध पोटाचंच यायचं आणि आई ते मुकाट्याने घ्यायची.

मला डॉक्टर व्हायचं होतं ते ह्यामुळे. सेवा वगैरे मोठे शब्द माझ्या डोक्यात नव्हते. मला नुसता राग यायचा. आईला विचारायला कुणी तरी बाई हवी, एवढंच मला कळत होतं, आणि ती बाई दुसरी कुणी होईल म्हणून वाट बघत बसायचा माझा स्वभाव नव्हता.

तेव्हा सिंधुदुर्ग म्हणजे नुसता पाण्यातला किल्ला. जिल्हा आमचा रत्नागिरी, आणि कॉलेज म्हटलं की घाट चढायचा. इंटर सायन्सपर्यंत मी घाटावर मावशीकडे राहून शिकले. मार्क चांगले पडले. मेडिकलच्या मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा बाबांनी रजा काढली, काळा कोट इस्त्री करून घेतला आणि माझ्याबरोबर एस.टी.त बसले. साठ सालाच्या आगेमागची ही गोष्ट.

मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर सगळे मुलगे आणि आम्ही दोघी-तिघी मुली. मुलगे आत जाऊन लगेच बाहेर येत. त्यांना वडील काय करतात, खेळ कुठला आवडतो, असलं विचारत होते. आम्हां मुलींना मात्र पालकांसकट आत बोलावत. माझ्या आधीची मुलगी बाहेर आली ती डोळे पुसतच, आणि तिचे वडील कुणाकडे न बघता तिच्या पुढे चालत गेले. मला आत काय आहे ते कळेना.

आत टेबलामागे तिघे होते. मधले वयस्क प्रोफेसर, पिकल्या मिशांचे, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांनी मला बेडकाच्या हृदयाबद्दल काही विचारलं, ते मला आलं. मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याऐवजी बाबांकडे बघितलं.

"मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "पण गेल्या साली दोन मुलींनी मध्येच सोडलं. लग्नं झाली, घरी बसल्या. दोन जागा फुकट गेल्या. त्या जागांवर दोन डॉक्टर झाले असते. तुम्ही कोकणातले, तुमच्याकडे डॉक्टर नाहीत हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा शिक्षण पुरं होईपर्यंत हिचं लग्न करणार नाही असा शब्द द्या, म्हणजे ही जागा मी हिला देतो."

पुढे आयुष्यभर मी बायकांच्या बैठकांत ह्या प्रश्नावर तावातावाने बोलले. मुलांना कुणी असला शब्द मागत नव्हतं. पण त्या माणसाचा चेहरा आठवला की मला त्याच्यावर पुरतं रागावता येत नाही. त्याला खरोखर डॉक्टर हवे होते.

बाबा अशा वेळी हो म्हणून मोकळे झाले असते तर काय बिघडलं असतं? काही बाप म्हणतही असतील. पण बाबांनी टोपी सारखी केली आणि कचेरीतल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, एवढा मोठा शब्द द्यायचा तर देवाला विचारून सांगतो."

टेबलाच्या एका टोकाचे साहेब फस्सकन हसले. दुसऱ्यांनी माझ्या कागदावर पेन्सिल ठेवली ती आता रेघ मारणार अशा बेताने. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आमच्या गावात ह्या वाक्याला कुणी हसलं नसतं. विहीर कुठे खणायची, म्हैस घ्यायची की नाही, मुंज कधी करायची, सगळं बाबा देवाला विचारायचे. बदलीचा अर्जसुद्धा त्यांनी विचारून केला होता आणि देवाने नको म्हटल्यावर फाडून टाकला होता. "वरिष्ठांच्या हुकमावर अपील आसता. हय नाय," असं ते म्हणत. पण हे घाटावरच्या तीन डॉक्टरांना कसं कळावं!

प्रोफेसर मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "देव नाही म्हणाला तर?"

"तर शब्द देता येणार नाही."

"मग जागा दुसऱ्याला जाईल. आठ दिवस थांबतो. तारेनं कळवा."

परतीच्या वाटेवर मी बाबांशी बोलले नाही. घाट उतरताना त्यांनी मला आल्याची वडी पुढे केली, तीही घेतली नाही.

आमच्या गावच्या रवळनाथाच्या देवळात कौल लावतात. गुरव पाण्यात भिजवलेल्या कळ्या देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवतो. आधी गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवापुढे सगळी हकीकत मांडायची, आणि मग वाट बघत बसायचं. उजवीकडची कळी आधी पडली तर देवाची संमती, डावीकडची पडली तर नकार. सगळं चारचौघांसमोर. त्या दिवशी तर अर्धा गाव जमला होता, कारण असला प्रश्न देवाला कुणी घातलाच नव्हता.

गुरव भला माणूस. त्याने बाबांना बाजूला घेतलं. "भाऊ, ह्या लग्नाचा इचारूच नको. चेडवाक यश दी, इतक्याच सांगूया. त्येका कौल लागना नाय, नुसत्या गाऱ्हाण्यान भागता."

"माका शब्द मागलेलो आसा," बाबा म्हणाले. "इचारूचा तर ताच इचारूचा. देवाक अर्धा सांगान कसा चलात?"

माझे मोठे काका खांबाला टेकून उभे होते. घरात वडीलधारे तेच. "चेडवाचा लगीन थांबवक देवाची परवानगी मागणारो तूच पयलो," ते म्हणाले आणि चारजण हसले.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरार एक परसंग इलेलो आसा..." "व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. "चेडवाक घाटार धाडून डाक्टरीण करूचा मनात धरल्यान हा..." "व्हय म्हाराजा!" "ता पुरा होईसर तिचा लगीन करूचा नाय, असो शब्द दिवचो काय नको, ता तू सांग म्हाराजा." इथे मात्र 'व्हय म्हाराजा' जरा बारीक आलं.

मी बायकांत आईशेजारी बसले होते. आईने माझा हात घट्ट धरला होता. बराच वेळ काही हललं नाही. मग डावीकडची कळी सुटली आणि खाली पडली. सगळ्यांना दिसली. काकांनी चपला घातल्या. गुरव म्हणाला, दसऱ्याला पुन्हा विचारू. पण दसऱ्यापर्यंत कुठलं कॉलेज थांबतंय!

घरी येऊन मी मनसोक्त रडले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला काही म्हणायचं होतं, पण देवाच्या पुढे ती काय बोलणार?

सकाळी उठून बघते तर बाबा पडवीत आरसा टेकवून दाढी करत होते. रजा संपायची होती, कचेरी नव्हती, तरी काळा कोट खुंटीवरून काढलेला. "चल," मला म्हणाले. "खंय?" "पोस्टात." एवढं म्हणून ते चालायलाच लागले. मी ओल्या वेणीनिशी मागे धावले.

पोस्टमास्तर आमच्याच गावचा. बाबांनी तारेचा कागद मागितला आणि उभ्या उभ्या इंग्रजीत लिहिलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं. शब्द देत आहे, मुलीला जागा द्यावी, असा मजकूर होता. पोस्टमास्तरने खिडकीतून मान बाहेर काढली आणि हळूच म्हणाला, "भाऊ, काल मी देवळात होतंय."

"मीय होतंय," बाबा म्हणाले. "तार कर."

मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. इतका झाला की बाबांच्या तोंडाकडे बघायचं सुचलंच नाही.

जागा मिळाली. मुलींच्या वसतिगृहात मी राहायला गेले. कोकणातली मी एकटीच. बोलायला तोंड उघडलं की बाकीच्या माझी नक्कल करायच्या. मीही कमी नव्हते, त्यांना सुकट खायला घालून सूड उगवला. पण शरीररचनेच्या खोलीतला तो उग्र वास, संगमरवरी टेबलं, त्यावर झोपलेली बेवारस माणसं, ह्यांची सवय व्हायला फार दिवस लागले. पहिल्या परीक्षेत मी शरीररचनेत नापास झाले.

गावाला बातमी माझ्या आधी पोचली. "कौल डावो होतो मा?" असं जो तो म्हणायला लागला. त्या साली आमचा एक माड वीज पडून गेला, तोही कौलामुळे. धाकट्या भावाला मुदतीचा ताप आला, तोही कौलामुळे. गावाला काही कुत्सितपणा करायचा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि ते आमच्यासाठी हळहळत होते. मी मात्र ऐकून ऐकून पिसाळले. सुटीत घरी आले तेव्हा बाबांना म्हटलं, "माका नाय जावचा परत. देवानच नको म्हटलेला."

बाबा सुपारी कातरत होते. "देवान काय सांगल्यान? शब्द दिव नको. चेडू नापास जातला असा खंय सांगल्यान? जा. नीट अभ्यास कर." कारकुनाचं डोकं. हुकमात जे लिहिलं नाही ते वाचायचं नाही.

मी परत गेले आणि पुढच्या खेपेला सुटले. पण बाबांच्यात झालेला एक बदल हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आला. ते कौल लावायचे थांबले. देवळात जायचे, अगदी नेमाने, पण पार मागे, घंटेच्याही अलीकडे उभे राहून हात जोडायचे आणि वळायचे. गाऱ्हाणं नाही, मागणं नाही. भावाला कुठल्या शाळेत घालायचं हा प्रश्न आला तेव्हा गुरवच म्हणाला, लावूया कौल. बाबा म्हणाले, "ज्येचा एकदा आयकलंय नाय, त्येका परत खंयच्या तोंडान इचारू?"

तिसऱ्या वर्षाला असताना कुडाळकडचं स्थळ आलं. मुलगा ओव्हरसियर, घरचं चांगलं, आणि लग्नानंतर शिकवू असंही ते म्हणत होते. काका घरी येऊन बसले. आईचंही मन थोडं डळमळलं. बाबांनी पाहुण्यांना सरबत दिलं, फणसाचे गरे दिले, आणि सांगितलं की शब्द शिक्षण पुरं होईपर्यंत असा आहे. काका संतापले. "देवाक दिलेलो शब्द आसा काय तो? त्या घाटावरच्या डाक्टराक दिलेलो! त्येका आता आठवता तरी काय?"

"माका आठवता," बाबा म्हणाले.

एका गोष्टीचा मात्र मला वैताग यायचा. बाबांची पत्रं. दर पत्रात तेच: प्रकृती कशी आहे, ताप वगैरे नाही ना, विहिरीचं पाणी गाळून पितेस ना. एकदा शवविच्छेदन करताना माझ्या बोटात सुरी लागली आणि बोट सुजलं. मी वेडी, सहज लिहून गेले. तर बाबा न कळवता पुढच्या गाडीने हजर. वसतिगृहाच्या व्हरांड्यात पिशवी मांडीवर घेऊन बसले, चेहरा राखेसारखा. सूज उतरेपर्यंत घाट उतरले नाहीत. मैत्रिणी हसायच्या. एवढ्याशा बोटासाठी! मी चिडून म्हटलं, "बाबा, मी डॉक्टर होतेय, मला कळतं." ते मान हलवायचे आणि पुन्हा बोट दाखव म्हणायचे.

शेवटच्या वर्षात बाबांचं वजन उतरायला लागलं. मालवणच्या डॉक्टरांनी मला कळवलं, घाटावर घेऊन जा. मी त्यांना आमच्याच इस्पितळात, आमच्याच वॉर्डात दाखल केलं. आणि मग ते झालं जे मला टाळायचं होतं: सकाळच्या फेरीला सरांनी शिकवण्यासाठी बाबांचीच खाट निवडली.

माझ्या वर्गातली मुलं एकेक करून पुढे येऊ लागली. बाबांचा सदरा वर केलेला. उजव्या बरगडीखाली बोटं रुतवायची आणि श्वास घ्यायला सांगायचं. एक मुलगा हलक्या हाताने चाचपडत होता, तर बाबाच त्याला कचेरीच्या मराठीत म्हणाले, "जोरात दाबा, साहेब. नाहीतर शिकणार कसे?" मुलगा शरमला आणि त्याने नीट दाबलं. बाबांनी तोंड वाकडं केलं नाही. मीही रांगेत होते. माझी पाळी आली तेव्हा सर म्हणाले, तू राहू दे. पण मी हात ठेवला. हाताला जे लागलं ते कठीण होतं, उंचसखल होतं, आणि तिथे असायला नको होतं.

सर मग इंग्रजीत बोलले. यकृताचा कर्करोग, पसरलेला, करण्यासारखं काही नाही, असं सगळं. पेशंटला इंग्रजी येत नाही असं धरून बोलायची आमच्याकडे रीतच होती. पण हा पेशंट जन्मभर इंग्रजी तारा आणि टिपणं लिहीत आलेला. बाबा छताकडे बघत शांत पडून होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

अंतिम परीक्षा मी त्याच वर्षी पास झाले, हे आताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव त्यात अडकायला नको. सांगायचं ते वेगळंच आहे.

परीक्षेआधी मी बाबांना घरी पोचवायला निघाले. एस.टी. घाट उतरून पायथ्याला चहासाठी थांबली. बाबांना आत गर्दीत बसवेना, म्हणून मी त्यांना आंब्याखालच्या दगडावर बसवलं आणि बशीत चहा ओतून दिला. दुपारचं ऊन होतं. त्यांनी दोन घोट घेतले आणि बशी खाली ठेवली.

"तुझ्या सरान इंग्रजीत काय सांगल्यान ता माका समाजला," ते म्हणाले. "पण तू सांग. तुझी परीक्षा पुरी होईसर मी ऱ्हवतलंय काय?"

पाच वर्षं शिकले होते, पण हे सांगायचं कसं हे कुणी शिकवलं नव्हतं. आमचे मोठमोठे सरसुद्धा अशा वेळी 'बघू या' म्हणून पुढच्या खाटेकडे वळत. मीही म्हणू शकले असते. पण समोर बसलेल्या माणसाने कधी देवालासुद्धा अर्धा प्रश्न विचारला नव्हता.

"नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता कोसळतील. मी पुढे झाले. तर त्यांनी एक लांब श्वास सोडला, दिवसभर डोक्यावर वागवलेला भारा उतरवल्यावर माणूस सोडतो तसा, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची राखच जशी निघून गेली.

"म्हणजे माझ्यारच भागला," ते म्हणाले. "बरां झाला गो. इतकी वर्सां माका वाटत होता, तुझ्यार येतला."

मी तिथेच मातीत बसले. ती पत्रं, ते गाळलेलं पाणी, व्हरांड्यातली पिशवी, माझं सुजलेलं बोट पुन्हा पुन्हा बघणं, ह्या सगळ्याचा अर्थ मला तेव्हा लागला. देवाचं मोडलं त्याची किंमत देव घेणार, ह्याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका नव्हती. ती कुणाकडून घेणार, एवढ्याच भीतीत त्यांनी ही वर्षं काढली होती. आणि ही भीती बाळगूनच त्यांनी मला दर सुटीनंतर गाडीत बसवून दिलं होतं.

यकृताला कौल कळत नाही, हे मी त्यांना सांगू शकले असते. हा रोग का होतो ह्यावरची पानं मला पाठ होती. परीक्षेत तोच प्रश्न येईल असं सगळे म्हणत होते. मी सांगितलं नाही. ह्या माणसाला आज पहिल्यांदाच माझी काळजी वाटत नव्हती.

कंडक्टरने घंटी मारली. बाबा माझ्या आधी उठले आणि कोटाची माती झटकून म्हणाले, "चल, गाडी सुटात." मला रडण्याने पायरी दिसत नव्हती, तर त्यांनीच माझा दंड धरून मला वर चढवलं.